पानांची दातखीळ

अख्ख्या खोऱ्याच्या नकाशावर एकच निळा ठिपका होता, आणि तो त्रिशलाच्या बापाचा होता.

बाकी सगळं लाल. ऊस लाल, द्राक्षबागा लाल, रस्त्याकडेच्या चिंचा लाल, आडोळीच्या शाळेपुढचा कडुनिंबही लाल. दुपारी एक वाजता उपग्रहाने काढलेलं ते उष्णतेचं चित्र होतं. मिरजेच्या खोरे जलप्राधिकरणाच्या ऑफिसात लाल रंग दिसला की सगळ्यांचे चेहरे खुलायचे. लाल म्हणजे पान तापलेलं, म्हणजे पानातून पाणी जात नाही, म्हणजे तलाव सुरक्षित. लाल रंग पाहून चहा मागवणारं दुसरं सरकारी ऑफिस शोधून सापडलं नसतं.

"मगदूम मॅडम, हे काय आहे?" डॉ. केणींनी पडद्यावरच्या निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"पानमळा आहे, सर. आडोळीचा. बारा गुंठे."

"तो उघडा कसा राहिला?"

"मालकाने फवारणी करून घेतली नाही."

केणींनी यादी उघडली. भूपाल आदगोंडा मगदूम. त्यांनी आडनाव वाचलं, मग त्रिशलाच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मोठा सज्जन माणूस. तीन वर्षांत कुणावर आवाज चढवला नव्हता, आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडण काढणं फार अवघड होतं.

"वडील?"

"हो."

"हे बघा, पानवेलीला अपाय होतो असं असतं तर मीच सूट दिली असती. कायद्यात तशी सोय आहे. पण अपाय नाही असा चाचणीचा अहवाल आपल्याकडे आहे." त्यांनी चष्मा परत लावला. "तुमच्याच सहीचा. शुक्रवारी दुपारपर्यंत फवारणी करून टाका. घरचं माणूस आहे, तुम्हीच गेलात तर बरं दिसेल."

त्रिशलाने मान हलवली. त्या अहवालात काय चुकलं होतं ते मात्र तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं.

हे लाल-निळं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं.

झाडाला पंप नसतो. वर बसून कुणी बादली ओढत नाही, तरी साठ फुटांवरच्या शेंड्याला पाणी पोचतं. त्याची किल्ली पानात आहे. पानाच्या खालच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी लाखो बारीक तोंडं असतात; पुस्तकात त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. प्रत्येक तोंडाला दोन पेशींचे दोन ओठ. ते उघडले की पानातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. गेलेला कण मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला, अशी ओढ थेट मुळापर्यंत लागते. पाण्याचे कण एकमेकांचा हात सहजी सोडत नाहीत, म्हणून हे जमतं. आता गंमत अशी की झाडाने शंभर तांबे पाणी प्यायलं तर त्यातले पंचाण्णवच्या वर असे हवेत जातात, उरलेले चार-दोन त्याच्या अंगी लागतात. दुष्काळात घसा कोरडा पडलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो झाडाला चोर म्हणणारच.

आणि दुष्काळ पडला होताच. लागोपाठ तीन वर्षं. तलावाच्या तळाला भेगा पडल्या, त्यात बकऱ्यांचे पाय अडकायला लागले. त्या दिवसांत प्रयोगशाळेतून 'विसावा' आला. पानावर वर्षातून एकदा एक द्रव फवारायचा. त्या द्रवामुळे पानाच्या ओठांना एका ठरावीक तांबड्या प्रकाशाची आज्ञा पाळायची सवय लागते. तो प्रकाश फेकणारे मनोरे गावोगावी उभे राहिले. सकाळी साडेअकराला मनोरा लागला की खोऱ्यातल्या प्रत्येक पानाचं तोंड बंद, ते साडेतीनला उघडायचं. झाडं सकाळी खातात-पितात, संध्याकाळी खातात-पितात, ऐन उन्हात विसावा घेतात. पीक थोडं घटलं, पाणी मात्र निम्म्याला निम्मं वाचलं. पहिल्याच वर्षी मे महिन्यात तलाव दोन तृतीयांश भरलेला पाहून बायकांनी त्याची ओटी भरली होती. त्यात त्रिशलाही होती. टँकरपुढे घागर घेऊन उभी राहिलेली बाई होती ती. तिचं ते समाधान खोटं नव्हतं.

एकच गोष्ट कुणी कागदावर आणली नाही. पाण्याची वाफ जाते तेव्हा ती उष्णता घेऊन जाते. माठ पाझरतो म्हणून आतलं पाणी गार होतं. त्याला बाहेरून डांबर फासलं तर एक थेंब वाया जाणार नाही, पण मग माठ घ्यायचा कशाला? खोऱ्यातल्या कोट्यवधी पानांनी दुपारचं पाझरणं बंद केलं आणि दुपार पेटली. चार वर्षांत पारा साडेतीन अंश चढला. गाव दुष्काळाच्या आगीतून निघालं ते थेट फुफाट्यात पडलं. आडोळीत कुणी 'विसावा' म्हणायचं नाही. ते म्हणायचे, झाडांना दातखीळ बसवलीय.

आडोळीत पूर्वी वीस पानमळे होते. आता एक उरला होता.

बुधवारी सकाळी अकराला त्रिशला मळ्याच्या ताटीबाहेर, बांबूच्या दाराशी, उभी राहिली. पायात प्राधिकरणाचे पांढरे रबरी बूट, पाठीवर फवाऱ्याचा डबा. मळ्याला चारी बाजूंनी शेवरीची दाट भिंत. आत शेवगा आणि पांगारा, त्यांच्या खोडांना धरून चढलेल्या वेली, आणि वरती सगळ्यांच्या शेंड्यांचं मिळून एक हलतं छप्पर. ताटीच्या फटीतून गारवा तिच्या नडग्यांना लागत होता.

"कोण हाय?" आतून आवाज आला.

"मी हाय, आण्णा."

भूपाल आण्णा ताटीशी आले. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात बंडी, पाय उघडे आणि घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग बुटांकडे.

"बूट काढ आन् आत ये."

"ड्युटीवर काढता येत न्हाईत, आण्णा."

"दोन वर्सं झाली ह्येच ऐकतोय. तुझी ड्युटी काय देवाच्या पालखीची हाय काय, खांद्यावरनं उतरतच न्हाई ती?"

पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. देवळाइतकीच ती रीत पक्की आहे. कुणी म्हणतं वेल म्हणजे लक्ष्मी, कुणी म्हणतं बाहेरची रोगराई चपलेला चिकटून येते. काहीही असो, कलेक्टर आला तरी त्याने चप्पल बाहेर काढायची. त्रिशला याच मळ्यात रांगलेली. पण दोन वर्षं ती ताटीबाहेरूनच बोलायची, आणि ड्युटीचं कारण सांगायची. ड्युटीचं कारण निम्मंच खरं होतं.

"शुक्रवारपातूर फवारायचा हुकूम हाय," ती म्हणाली. "मी न्हाई केलं तर ड्रोन घेऊन येतील."

"येऊ देत की. वरनं शेंड्यांचं छप्पर हाय, खाली मी हाय."

"चेष्टा न्हाई, आण्णा. पोलीस घेऊन येतील."

"मग चार मान्सं जास्त. येणाऱ्याला पान देऊ." म्हातारा ताटी उघडून बाजूला झाला. "पोरी, बाहेर चव्वेचाळीस झालंय आन् अजून बारा वाजल्यालं न्हाईत. डोकं तापवून घेऊ नगं. आत ये."

तिने डबा उतरवला. बूट काढले. जमिनीचा चटका बसला तशी ती एका उडीत आत गेली, आणि पाय ओल्या मातीत पडले.

आत किती गार होतं हे तिला आकड्यात माहीत होतं. तिच्याच यंत्राने बाहेरून मोजलं होतं: आत छत्तीस, बाहेर चव्वेचाळीस. पण तळपायाला ते कळलं तेव्हा तिला एकदम हुंदका आला. ती तशीच वाफ्याच्या कडेला बसली आणि तोंडाला पदर लावून रडली. आण्णांनी तिला रडू दिलं. वेलीचं एक पान सरळ करत ते उभे राहिले.

"आण्णा, माझं चुकलं," ती शेवटी म्हणाली. "बाबगोंडाकाकांचा मळा माझ्यामुळं गेला. बाकीचे अठरा पण."

"म्हाईत हाय."

तिने वर पाहिलं. "काय म्हाईत हाय?"

"तू मशीन कवा लावलंस ते. खुड्याच्या दुसऱ्या दिवशी."

खुडा म्हणजे पानं तोडणं. दर पंधरा-वीस दिवसांनी वेलीची तयार पानं खुडतात, आणि खुडा जवळ आलेल्या मळ्यात परक्याने पाय घालायचा नाही, ही आडोळीची दुसरी रीत. भरल्या वेलीला नजर लागते म्हणतात. त्रिशला याच गावची लेक. बाबगोंडा चौगुल्यांच्या मळ्यात चाचणी घ्यायची ठरली तेव्हा तिने मोठ्या अदबीने खुडा होऊ दिला, आणि दुसऱ्या दिवशी यंत्रं लावली. आठ दिवस मनोरा लावून पाहिला. वेलीला काहीही झालं नाही. अहवालात तिने लिहिलं, अपाय नाही.

कुणी बाहेरचा शास्त्रज्ञ असता तर तो रीतभात न बघता भरल्या मळ्यात घुसला असता, चार शिव्या खाल्ल्या असत्या आणि बरोबर उत्तर घेऊन गेला असता. गावच्या लेकीने गावाची रीत पाळली आणि गावाचे मळे बुडवले.

"वेलीवर पानंच नव्हती," आण्णा म्हणाले. "करपणार काय? शेंड्याची चार कवळी पानं. त्येंच्यावरनं तू भरल्या मळ्याचं लिवलंस."

खरं होतं ते. पानवेल ही जंगलातल्या सावलीत, दमट हवेत वाढणारी जात. मळ्यातली दमट हवा आभाळातून येत नाही. शेवरी, पांगारा, शेवगा आणि वेल स्वतः, सगळ्यांच्या पानांतून पाझरून ती तयार होते. त्या सगळ्यांना एकदम दातखीळ बसवली की मळ्याची भट्टी होते. पुढच्या उन्हाळ्यात, भरल्या वेलींवर, ते दिसलं. आधी पानांच्या कडा काळ्या पडल्या, मग देठ गळाले. लोकांना वाटलं रोग पडला. कुणी खत बदललं, कुणी औषध मारलं. कागदावर तर 'अपाय नाही' असं लिहिलेलं होतं.

"तुला ठाऊक होतं तर बोलला का न्हाईस?" त्रिशलाचा आवाज चढला. "त्याच दिवशी बोलायचं की!"

म्हातारा पांगाऱ्याच्या खोडाला पाठ टेकून खाली बसला.

"तुझा पयला अव्हाल. मी गावात पेढं वाटलं. मगदुमाची पोरगी सायंटिस झाली म्हणून बस्तीत देवापुढं नारळ फोडला. चार दिसांनी मला उमगलं. कुटल्या तोंडानं सांगू? म्हटलं एवढी शिकल्याली हाय, तिचं तिला कळंल. मी माझा मळा तेवढा राखला." त्यांनी पायावरचा चिखल बोटाने खरवडला. "आपलंच दात, आपलंच ओठ. पर बाबगोंडाचा मळा गेला त्यात तुझी एकलीची चूक न्हाई. निम्मी माझी हाय."

साडेअकराला दूर मनोरा लागला. शेवरीच्या भिंतीपलीकडे सगळा शिवार गप्प झाला आणि तापायला लागला. आत मात्र वेली आपलं काम करत राहिल्या.

"अहवाल मागं घेतला तर?" त्रिशला स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "अहवाल न्हाई तर सक्ती न्हाई. कायद्यात लिहिलंय. नवी चाचणी भरल्या मळ्यावर घ्यावी लागंल, सगळे ऋतू. वरीसभर लागतं त्याला."

"आन् तुझी नोकरी?"

"ती जाईल."

"आन् गाव काय म्हणंल?"

"म्हणंल ते म्हणू दे. म्हणायलाच पायजे."

शुक्रवारी दुपारी दीडला प्राधिकरणाच्या दोन गाड्या मळ्यापाशी आल्या. डॉ. केणी, फवारणीची तीन माणसं, एक ड्रोन, दोन पोलीस. ताटीपुढे आण्णा खुर्ची टाकून बसले होते. निम्मं गाव शेवरीच्या सावलीला गोळा झालं होतं. त्यात नवल काही नव्हतं; गेली दोन वर्षं दुपारी आडोळीची म्हातारी माणसं, गरवार बाया, तापाची लेकरं याच भिंतीला पाठ लावून बसायची. गावातला तेवढाच एक गार कोपरा होता.

त्रिशला ताटीत उभी होती. अनवाणी. बूट तिने शेवरीच्या फांदीला अडकवले होते.

"मॅडम, हे काय?" केणी हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही आमच्या बाजूला उभ्या असायला हव्यात."

तिने कागद पुढे केला. "सर, माझा पानवेलीचा अहवाल चुकीचा आहे. मी तो मागे घेते. चाचणी मी खुडा झालेल्या मळ्यात घेतली होती. वेलीवर पानं नव्हती, त्यामुळे अपाय दिसला नाही." मग ती गावाकडे वळली, कारण हे खरं तर त्यांनाच सांगायचं होतं. "ऐकताय न्हवं सगळी? तुमच्या मळ्यांवर रोग पडला नव्हता. खत चुकलं नव्हतं. माझा कागद चुकला होता. दोन वर्षं मला कळलेलं होतं आणि मी बोलले न्हाई."

बाबगोंडा चौगुले गर्दीतून पुढे आला. साठीचा रुंद माणूस, हल्ली लोकांच्या उसात मजुरीने जायचा. तो त्रिशलाच्या समोर येऊन उभा राहिला.

"दोन वर्सं," तो म्हणाला, "मी माझ्याच शेणखताला शिव्या घातल्या. बायकूला म्हटलं तूच कायतरी इटाळ केलास. त्या बाईनं माझं बोलणं ऐकून घेतलं." त्याने तिच्याकडे बोट रोखलं. "तुझ्या तोंडावर थुकाय पायजे, त्रिशला."

"थुका, काका."

तो थुंकला नाही. त्याने चपला काढल्या, बाजूला भिरकावल्या, आणि ताटीत तिच्या शेजारी जाऊन फवारणीवाल्यांकडे तोंड करून उभा राहिला. "तुझं नंतर बघतो. आदी ह्यो मळा."

केणींनी कपाळाचा घाम पुसला. "मॅडम, भावना समजतात मला. पण बारा गुंठ्यांच्या गारव्यासाठी अख्ख्या खोऱ्याचं पाणी पणाला लावता येत नाही. हा एक मळा दुपारी किती पाणी उडवतो ते मी तुम्हाला दाखवतो." त्यांनी टॅब्लेट उघडला. आडोळीचा नकाशा आला. त्यावर तो निळा ठिपका दाखवायला त्यांनी बोट उचललं, आणि ते बोट तसंच राहिलं.

निळा ठिपका कुठे दिसत नव्हता. अख्खं आडोळी निळं होतं. ऊस, चिंचा, शाळेपुढचा कडुनिंब, सगळं. निळ्याला लागून निळं.

"मनोरा..." ते म्हणाले.

"आज लावलाच नाही, सर. चावी माझ्याकडे असते."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? लाखो लिटर पाणी जातंय या क्षणी!"

"जातंय. ते मी नाकारत नाही." त्रिशलाने टॅब्लेटकडे बोट केलं. "पण ते जाताना काय घेऊन जातंय तेही मोजा की एकदा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? किती तापमान आहे बघा. काल या वेळेला इथे सत्तेचाळीस होतं."

केणींनी पाहिलं. पंचेचाळीसच्या थोडं खाली. फक्त दोन अंश, आणि तेही एका दिवसाचे, एका गावाचे. शास्त्रज्ञ म्हणून ते याला पुरावा म्हणाले नसते. पण त्यांच्या शर्टाची पाठ ओली होती आणि त्या ओल्या पाठीला मघापासून वारा लागत होता. शाळेपुढच्या कडुनिंबाखाली चार म्हाताऱ्या जाऊन बसल्या होत्या. चार वर्षांत दुपारी त्या झाडाखाली कुणी बसलं नव्हतं. आधी सावली होती, पण तव्याखालची.

"तलाव कशासाठी भरायचा, सर? तलाव जगावा म्हणून, की माणसं जगावीत म्हणून?" ती म्हणाली. "मनोरे पाडा असं मी म्हणत नाही. टँकरच्या रांगेत मीही उभी होते. पण कुठली झाडं मिटायची, कधी, किती वेळ, हे इथल्या माणसांना विचारून ठरवा. आणि ज्याची पानं त्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. आम्ही 'नाही' म्हणतोय."

"मला आत बघू द्या," केणी म्हणाले.

"पायताण," आण्णा खुर्चीतूनच म्हणाले.

खोऱ्याचा मुख्य शास्त्रज्ञ वाकला, बूट-मोजे काढले, आणि तापल्या मातीवर नाचत नाचत ताटीतून आत गेला. बाहेर एक-दोघी फिस्सकन हसल्या. तो दहा मिनिटं आत होता. बाहेर आला तेव्हा त्याचे पाय चिखलात भरले होते आणि चष्म्यावर वाफ धरली होती.

"अहवाल मागे घेतलेला आहे, तेव्हा सक्तीची फवारणी करता येणार नाही," ते पोलिसांना म्हणाले. मग त्रिशलाकडे न बघता म्हणाले, "मनोऱ्याची चावी द्या, मॅडम. तुम्ही आजपासून निलंबित आहात. चौकशी होईल. मी ती थांबवू शकत नाही, आणि थांबवू शकत असतो तरी थांबवली नसती."

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली, आणि चावी दिली. तो माणूस तिला त्या क्षणी पूर्वीपेक्षा जास्त आवडला.

शनिवारी मनोरा पुन्हा लागला. दोन अंश पुन्हा चढले. पण फणा काढलेला साप आणि कळलेली गोष्ट टोपलीखाली झाकता येत नाही. पुढच्या आठवड्यात आडोळीच्या ग्रामसभेने ठराव केला, की गावठाणातली, शाळेतली आणि मळ्यांची झाडं यापुढे फवारायची नाहीत, ती दुपारी उघडी राहतील. उसाने हवा तर विसावा घ्यावा. मग शेजारच्या चार गावांनी तसाच ठराव केला. प्राधिकरणाने सगळ्यांना नोटिसा काढल्या. गावांनी त्या नोटिसांचे कागद पानांच्या करंड्यांत तळाला घातले.

बाबगोंडा एका सकाळी आला. त्रिशलाशी एक शब्द बोलला नाही. आण्णांनी त्याला वेलीचे दोनशे फाटे कापून दिले, ओल्या गोणपाटात गुंडाळून, लावणीसाठी. तो ते खांद्यावर टाकून निघाला, ताटीपाशी थांबला, आणि पाठमोराच म्हणाला, "पुढच्या साली चाचणी घ्यायची म्हणतीस न्हवं? भरल्या मळ्यात घे. माझ्या. नजर लागली तर लागू दे."

तो दिसेनासा झाला तरी त्रिशला बराच वेळ ताटीत उभी होती. तिला फार बरं वाटलं, आणि लाजही वाटली.

चौकशीचं पत्र त्याच दुपारी आलं. मुख्य कार्यालय, सभागृह, सकाळी अकरा. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की लेखी माफी मागून मूळ अहवाल कायम केल्यास चौकशी रद्द होऊन सेवेत परत घेण्याचा विचार करता येईल. सभागृह कसं असतं ते तिला माहीत होतं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, बाराही महिने बावीस अंश. तिथे बसून कुणालाही लाल रंग आवडला असता.

आण्णांशेजारी वाफ्याच्या कडेला बसून तिने गुडघ्यावर उत्तर लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"माफी मागणार नाही. अहवाल चुकीचा आहे, तो कायम होणार नाही. चौकशीला मी हजर राहीन, पण चौकशी जिथल्या गोष्टीची आहे तिथे व्हावी. ठिकाण: भूपाल मगदूम यांचा पानमळा, आडोळी. वेळ: दुपारी एक. समितीने मनोरा बंद ठेवून एक तास आणि लावून एक तास बाहेर उभं राहावं, मग आत यावं. कृपया पादत्राणे बाहेर काढावीत."

आण्णांनी कागद हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरून, ओठ हलवत, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग चिखलाचं बोट शेवटच्या ओळीवर टेकवलं.

"ह्ये 'कृपया' कशाला?" ते म्हणाले. "खोड ते."

तिने खोडलं.